मृत्यूचा दाखला आणि नऊ सेंटिमीटरचा चौकोन

मंडळी, परदेशात राहणाऱ्याला एक फ्रेंच शब्द कधी ना कधी शिकावाच लागतो: अपोस्टिल. लग्न असो, नोकरी असो की मालमत्ता, कुठला तरी कारकून चष्म्यावरून बघत विचारतोच, "ह्या कागदावर अपोस्टिल आहे का?" मला हा शब्द नीट कळला तो मात्र एका मृत्यूच्या दाखल्यामुळे.

तर झालं असं. इथे जर्मनीत माझा एक मित्र आहे, मूळचा सातारा जिल्ह्यातला. पीएचडीच्या वेळी आम्ही एकाच वसतिगृहात राहायचो. 2014 मध्ये त्याची बायको माहेरी, गावातच वारली. लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. 2019 मध्ये त्यानं दुसरं लग्न करायचं ठरवलं. इथे लग्न लागतं ते नगरपालिकेच्या नोंदणी कार्यालयात, आणि विधुराला पहिल्या बायकोच्या मृत्यूचा दाखला द्यावा लागतो. गड्यानं सगळं रीतसर केलं. ग्रामसेवकाच्या सहीचा दाखला, त्यावर मुंबईला राज्य सरकारचा शिक्का, त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल. कागद घेऊन ऐटीत कार्यालयात गेला. तिथल्या बाईंनी तो उलटसुलट बघितला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, "छान आहे. पण आमच्याकडे हे चालत नाही."

का चालत नाही, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

परक्या देशातला कागद खरा की खोटा हे ओळखायचं कसं, हा प्रश्न जुनाच. पूर्वी त्यावर उपाय होता ओळखीच्या साखळीचा. आपण गावात पाहुण्याची ओळख पटवतो ना, "ह्याला मी ओळखत नाही, पण ह्याच्या मामाला ओळखतो," तसंच. ग्रामसेवकाची सही जिल्ह्याला माहीत, जिल्ह्याची राज्याला, राज्याची दिल्लीला आणि दिल्लीची तिथल्या परदेशी वकिलातीला. प्रत्येक पायरीवर एक शिक्का, एक फी आणि एक रांग.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात माणसांची आणि कागदांची ये-जा वाढली आणि ही साखळी सगळ्यांनाच जाचायला लागली. मग हेग इथे 5 ऑक्टोबर 1961 रोजी एक करार झाला. तो 24 जानेवारी 1965 पासून लागू झाला. कल्पना साधी होती. प्रत्येक देशानं आपलं एक खातं नेमायचं, त्यानं कागदावर ठरलेल्या नमुन्याचा शिक्का मारायचा, आणि बाकीच्या सदस्य देशांनी तो वकिलातीत न पाठवता मान्य करायचा. शिक्का चौकोनी, बाजू किमान 9 सेंटिमीटर, आत दहा क्रमांकित रकाने, आणि मथळा कुठल्याही देशात गेलात तरी फ्रेंचमध्येच. अपोस्टिल या शब्दाचा मूळ अर्थ मजकुरानंतर समासात केलेली टीप. आपल्या जुन्या पत्रांच्या शेवटी मोर्तब असायचं, त्याचीच आठवण होते.

आता खरी गोम ऐका. अपोस्टिल फक्त तीन गोष्टींची ग्वाही देतं: सही खरी आहे, सही करणारा त्या पदावर होता, आणि शिक्का त्याच कार्यालयाचा आहे. आत लिहिलेला मजकूर खरा आहे, असं ते कुठेही म्हणत नाही! म्हणजे मृत्यूच्या दाखल्यावर अपोस्टिल असलं, तर ग्रामसेवकाच्या सहीबद्दल खात्री मिळते. माणूस खरोखर गेला की नाही, याबद्दल ते गप्प असतं.

भारत या करारात आला 14 जुलै 2005 पासून. पण करारात एक खिडकी ठेवलेली आहे. नवा देश आला की जुन्या सदस्यांना सहा महिन्यांत आक्षेप घेता येतो. आक्षेप घेतला, की त्या दोन देशांपुरता करार लागूच होत नाही. जर्मनीनं भारताबाबत तो घेतला. आणखी काही युरोपीय देशांनीही घेतला होता, त्यांतल्या काहींनी पुढे मागे घेतला. जर्मनीचा आक्षेप मित्राच्या वेळी, म्हणजे 2019 मध्येही, कायम होता. म्हणून त्याचा देखणा चौकोन इथे निरुपयोगी ठरला.

राग येतो, मलाही आला. पण इतिहास चाळल्यावर तो थोडा निवळला. जर्मनीत नागरी नोंदणी आली ती बिस्मार्क आणि कॅथलिक चर्च यांच्या भांडणातून. आधी 1874 मध्ये प्रशियात, मग 1 जानेवारी 1876 पासून साऱ्या साम्राज्यात, जन्म, लग्न आणि मृत्यूच्या नोंदी सरकारच्या ताब्यात आल्या. कोण कोणाचा नवरा, कोण कोणाचा वारस, हे कायद्यानं ठरवण्यासाठीच ते रजिस्टर होतं.

आपल्याकडे इंग्रजांनी गावोगाव मृत्यूच्या नोंदी ठेवायला लावल्या त्या मुख्यतः आरोग्याच्या आकडेवारीसाठी. पटकीनं किती गेले, देवीनं किती, तापानं किती. सरकारला संख्या हवी होती, माणसाचं नाव दुय्यम. 1886 चा नोंदणी कायदाही ऐच्छिकच होता. आज जातीच्या दाखल्यासाठी लोक जी जुनी कोतवाल बुकं धुंडाळतात, कित्येकदा मोडीतली, ती ह्याच व्यवस्थेची. नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा झाला 1969 साली. म्हणजे जर्मनांचं रजिस्टर आपल्यापेक्षा जवळजवळ शंभर वर्षांनी थोरलं. मला वाटतं, त्या अविश्वासाचं थोडं मूळ इथे आहे. पण थोडंच. कारण मित्राच्या कागदात खोट काहीच नव्हती.

मग पुढे काय झालं? अशा वेळी नोंदणी कार्यालय जर्मन वकिलातीकडून कागदाची पडताळणी करून घेतं. वकिलातीनं नेमलेला स्थानिक वकील प्रत्यक्ष जाऊन चौकशी करतो. खर्च अर्जदाराचा, वेळ काही महिन्यांचा. तर एके दिवशी वकीलसाहेब गावात आले. ग्रामपंचायतीचं रजिस्टर पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं, आणि शेवटी मित्राच्या सासूबाईंपुढे जाऊन बसले. त्यांनी चहा केला, सगळं सांगितलं आणि मग म्हणाल्या, "आवं, एकदा गेली माझी लेक. आन् किती येळा घालवायची तिला?"

हे मित्रानं मला सांगितलं तेव्हा आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

पडताळणी ठीक निघाली. कशामुळे? मृत्यूनंतर अकराव्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः पंचायतीत जाऊन नोंद केली होती. नाव पासपोर्टवरच्यासारखं, तारीख बरोबर, खाली सही. लेक जाऊन दहा दिवस झालेला बाप तो रकाना भरायला गेला होता. मुंबई-दिल्लीच्या शिक्क्यांनी जे झालं नाही, ते त्या एका ओळीनं केलं. लग्न झालं. सासूबाईंनी फोनवरून दोघांना आशीर्वाद दिला.

असो. तुमच्यापैकी पुष्कळांची मुलं, भावंडं बाहेर आहेत, म्हणून जाता जाता एवढंच सांगतो. मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत प्रकरण जातं. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहिलंय ना, हे तिथेच उभं राहून वाचा. दाखल्याच्या चार-पाच प्रती घ्या. आणि अपोस्टिलचे पैसे भरण्याआधी, ज्या देशात कागद द्यायचा आहे तो देश भारताचं अपोस्टिल मानतो का, हे त्या कार्यालयालाच विचारा. आखातात जायचं असेल तर देशागणिक उत्तर बदलतं: ओमान करारात 2012 पासून आहे, सौदी अरेबिया 2022 मध्ये आला.

दु:खाच्या दिवसांत हे सुचत नाही, मान्य. म्हणूनच घरातल्या एखाद्या काकांनी किंवा मामांनी हे काम अंगावर घ्यावं. पुढे कधीतरी, हजारो मैलांवर, कोणाला तरी ती ओळ उपयोगी पडते.