निळ्या उजेडाची कुळकथा

रेडियमच्या द्रावणातून येणारा फिकट निळा उजेड मारी क्युरींनी पाहिला होता. किरणांमुळे पदार्थ चमकतात, त्यातलाच हा प्रकार, अशी तेव्हाची समजूत. १९२०च्या दशकात फ्रान्समधल्या ल्युसियाँ माले यांनी त्याचा वर्णपट घेतला. तो सलग निघाला, म्हणजे ही नेहमीची चमक नव्हे. पण कारण त्यांना उलगडले नाही.

ते उलगडले सोव्हिएत रशियात. तिथे पाव्हेल चेरेन्कोव्ह अंधारात बसला. गुरू सेर्गेई वाव्हिलोव्ह यांनी नेमून दिलेले काम होते. उजेड इतका क्षीण की आधी तासभर काळोखात डोळे सरावायचे आणि मगच मोजमाप. उपकरण म्हणजे माणसाचा डोळाच. १९३४ मध्ये निष्कर्ष छापून आले, १९३७ मध्ये फ्रँक आणि टॅम यांनी गणित मांडले. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपटच उरतो. इलेक्ट्रॉन त्याला मागे टाकून धावला की हा उजेड पडतो. १९५८ चे नोबेल या तिघांना मिळाले. वाव्हिलोव्ह तोवर हयात नव्हते, याची हळहळ वाटते.

आपले शरीरही बरेचसे पाणीच. कॅन्सरवर रेडिएशन देताना लिनॅक मशीनचे किरण शरीरात असेच इलेक्ट्रॉन पळवतात, म्हणजे हा उजेड प्रत्येक उपचारात पडतच होता. डोळे मिटलेले असूनही निळे काहीतरी चमकते, असे रुग्ण कित्येक वर्षे सांगत आले. ते खरेच बोलत होते, हे पुढे डोळ्यातला उजेड टिपून सिद्ध झाले.

तो टिपण्याची युक्ती अमेरिकेत डार्टमथला ब्रायन पोग, लेस्ली जार्विस आणि सहकाऱ्यांनी बसवली. लिनॅकचे किरण सलग नसतात, काही मायक्रोसेकंदांच्या ठोक्यांनी येतात. कॅमेरा नेमका त्याच ठोक्याला उघडायचा. मग खोलीतले दिवे आड येत नाहीत. स्तनाच्या कॅन्सरवरील उपचारातली अशी चित्रे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. किरण चुकून हातावर किंवा हनुवटीवर पडले, तर ते तिथल्या तिथे दिसू लागले. माझ्या मते याचे मोल फार मोठे आहे.

खोलवरची गाठ मात्र यात दिसत नाही. निळा रंग रक्त शोषून घेते. बाहेर पोचतो तो मुख्यतः लाल, तोही वरच्या काही मिलिमीटरमधलाच. म्हणून दुसरी वाट निघाली, गाठीतला ऑक्सिजन मोजण्याची. ऑक्सिजन कमी असलेली गाठ किरणांना तितकीशी दाद देत नाही, हे ग्रे या शास्त्रज्ञाने आणि सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच दाखवले होते. आता प्लॅटिनमयुक्त रंगद्रव्य गाठीत पोचवतात. चेरेन्कोव्ह उजेडाने ते पेटते, आणि ऑक्सिजन जितका जास्त तितके लवकर विझते. त्या विझण्याच्या वेळेवरून उंदरांच्या गाठीतला ऑक्सिजन रेडिएशन चालू असतानाच मोजता आला आहे.