दोरीला टांगलेला चेंडू

साल १८८७. ब्रुकलिनमधल्या जोसेफ हॉलच्या फोटो स्टुडिओत तुम्ही पाऊल टाकता. समोर मैदान आहे, पण पडद्यावर रंगवलेलं. त्यापुढे बॅट उगारून एक बेसबॉलपटू उभा, नजर चेंडूवर. चेंडू कुठे? छतापासून सोडलेल्या दोरीला टांगलाय! आपल्याकडे जत्रेतल्या स्टुडिओत लोक ताजमहालाच्या पडद्यापुढे उभे राहायचे, त्यातलाच प्रकार.

"हलू नका." तो हलत नाही. धावत्या चेंडूचा फोटो टिपण्याइतका हा कॅमेरा चपळ नाही, म्हणून चेंडूलाच थांबवलंय. पुढचा गडी तर बेसकडे झेपावल्याचं दाखवायला चक्क जमिनीवर आडवा होतो. त्याची बोटं जवळून पाहा. हातमोजा अजून सर्रास झालेला नाही. नुसत्या हातांनी झेल घेऊन वाकलेली बोटं या खेळात नवी नाहीत. एवढा सोंगाचा पसारा, पण ती बोटं मात्र खरी.

हे फोटो सिगारेटच्या पाकिटात जाणार आहेत. न्यूयॉर्कच्या 'गुडविन अँड कंपनी'चा ब्रँड 'ओल्ड जज'. जेमतेम दीड इंच रुंद आणि अडीच इंच उंच, तपकिरी छटेचा खराखुरा फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचा. मऊ कागदी पाकीट दबू नये म्हणून पुठ्ठा लागतोच; त्यावर खेळाडू आला की जाहिरातही झाली.

आता रस्त्यावर या. तंबाखूच्या दुकानाबाहेर पोरं घुटमळताहेत. पाकीट फोडणाऱ्या प्रत्येक बाप्याकडे हात पसरतात, फोटोसाठी. कुणाला नामवंत बेसबॉलपटू किंग केली हवाय. याच वर्षी शिकागोच्या संघाने त्याला १०,००० डॉलरला बोस्टनच्या संघाला विकलंय आणि गावभर तीच चर्चा. पण कंपनी नामवंतांवर थांबत नाही. छोट्या लीगमधले, पुढे कुणाला आठवणारही नाहीत असे गडीही ती धरून आणते. या मालिकेत ५०० हून अधिक खेळाडू आहेत. त्यातल्या कित्येकांचा चेहरा आज केवळ या पुठ्ठ्यामुळे ठाऊक आहे. धूर विकणाऱ्यांनी नकळत दप्तर राखलं, हे मान्य करायला हवं.

हा खटाटोप मात्र खेळाच्या कौतुकापोटी नव्हता, दुसऱ्या कंपन्यांचं गिऱ्हाईक पळवण्यासाठी होता. १८९० मध्ये सिगारेट-कारखानदार ड्यूकने गुडविनसह पाच मोठ्या कंपन्या एकत्र करून 'अमेरिकन टोबॅको कंपनी' उभी केली. पळवायला कुणाचं गिऱ्हाईकच उरलं नाही, आणि पाकिटातले खेळाडू बंद झाले.