पासवर्ड नव्हता तेव्हा

सोसायटीचा पंचवीस वर्षांचा इतिहास म्हटला की पाण्याची टाकी, लिफ्ट, कन्व्हेयन्स आणि पार्किंगची भांडणं आलीच. ती इतर सभासद लिहितीलच. मी लिहितोय ते आपल्या वाय-फायबद्दल.

बी विंगमधलं पहिलं वाय-फाय माझ्या घरी लागलं, असा माझा दावा आहे. (चौथ्या मजल्याला तो मान्य नाही.) साल २००६. त्याच्या आदल्याच वर्षी सरकारनं २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यातून मोकळा केला होता. जोडणी करायला आलेल्या मुलानं राउटर लावला, दिवे लुकलुकले, आणि तो म्हणाला, "काका, चालू झालं, सही करा." नेटवर्कचं नाव कारखान्यातून आलं तेच, पासवर्ड नाहीच. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की राउटरचं सेटिंगचं पान उघडतं, आणि तिथं दोन्ही रकान्यांत 'अ‍ॅडमिन' लिहिलं की कुणीही आत शिरू शकतं, हे मला दोन वर्षं ठाऊक नव्हतं.

समोरच्या वहिनींचा मुलगा जिन्यात जुना लॅपटॉप घेऊन बसायचा. आमच्या वाय-फायवरच त्याचा अभ्यास चालायचा. वाटीभर साखर न्यावी तसंच ते होतं, कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

मग २६ जुलै २००८ उजाडला. अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना ईमेल गेला होता, आणि त्याचा माग काढत पोलीस पोचले ते आपल्या नवी मुंबईतच, सानपाड्याच्या एका इमारतीत. तिथल्या रहिवाशाचं उघडं वाय-फाय भलत्याच कुणीतरी वापरलं होतं, असं पुढे आलं. पेपर वाचताना माझे हातपाय गार पडले. रात्री साडेनऊला आपले तेव्हाचे सेक्रेटरी दारात हजर. "तुमचं नेट खाली गेटपर्यंत येतं म्हणे. उद्या पोलीस आले तर सोसायटीनं काय सांगायचं?"

त्याच रात्री पान उघडलं. 'वायरलेस सिक्युरिटी'खाली तीन पर्याय होते: डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-२. मी पहिला निवडला. का? तो पहिला होता म्हणून! दहा अंक-अक्षरांची किल्ली कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या रुबाबात आणखी पाच घरांत तेच करून दिलं. ही कबुली इथं द्यायलाच हवी. डब्ल्यूईपी हे १९९७ च्या मूळ मानकातलं कुलूप. त्यातली खोट २००१ मध्येच जगजाहीर झाली होती, आणि २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ते मिनिटभरात उघडून दाखवलं होतं. खरं कुलूप डब्ल्यूपीए-२, २००४ पासूनचं, त्याच यादीत दोन ओळी खाली. भाच्यानं दिवाळीत हसत हसत ते दाखवलं, तोवर सहा घरं माझ्या भरवशावर निर्धास्त झोपत होती.

पण मला जास्त लागलेली गोष्ट वेगळीच. पासवर्ड टाकल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी बेल वाजली. समोरचा मुलगा. "काका, नेट बंद पडलंय का?" त्याच्या इंजिनिअरिंग प्रवेशाचे दिवस होते. पोलीस, ईमेल, सेक्रेटरी, सगळं डोक्यात फिरत होतं. मी म्हणालो, "हो रे, लाइनच गेलीय." तो सायबर कॅफेत गेला.

२०१२ पर्यंत विंगमध्ये घरोघरी राउटर झाले आणि सगळ्यांचंच नेट रडू लागलं. एव्हाना इंजिनिअर झालेला तोच मुलगा लॅपटॉप घेऊन मजले फिरला. बहुतेक राउटर चॅनेल ६ वरच होते, कारखान्यातून आले तसे. शेजारशेजारच्या चॅनेलांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं, आणि सिग्नल पसरतो साधारण २०. म्हणून १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या पायात येत नाहीत, हे त्यानं आम्हाला पार्किंगमध्ये उभं राहून समजावलं. मजल्यांप्रमाणे वाटणी केली, कागदावर लिहून नोटीस बोर्डाला लावली.

माझ्या घरी सेटिंग बदलताना मान वर न करता म्हणाला, "काका, तेव्हा लाइन गेली नव्हती. नाव दिसत होतं, बाजूला कुलूपही दिसत होतं."

मी चहा टाकायला आत गेलो.

आता पुष्कळांचे राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालतात, त्या वाटणीला तसा अर्थ राहिलेला नाही. कागद मात्र बोर्डाच्या काचेआड अजून आहे, मेंटेनन्सच्या थकबाकीदारांच्या यादीशेजारी.