हवा कुणाची? एका जुन्या अभ्यासाची आणि माझ्या एका चुकीची गोष्ट

निवडणूक जवळ आली की मला हमखास एकच प्रश्न विचारला जातो. "काय पत्रकार, हवा कुणाची?" एसटी स्टँडवर, सलूनमध्ये, लग्नाच्या पंगतीत, अगदी कुणाच्या दहाव्याला घाटावर गेलो तरी. वीस वर्षं झाली या धंद्यात. आधी हा प्रश्न आला की छाती फुगायची. आता जरा भीती वाटते. का, ते शेवटी सांगतो.

त्याआधी एक गोष्ट सांगायची आहे. सुरू होते लांब, व्हिएन्नात आणि अमेरिकेत, पण संपते आपल्याच गल्लीत. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला एक टीप होती, पाच मार्कांची. द्विस्तरीय प्रवाह सिद्धान्त. मांडणारा पॉल लाझर्सफेल्ड. पाठ केली, पेपरात लिहिली, मार्क मिळाले, विसरून गेलो. ती टीप खरी कळायला मध्ये बरीच वर्षं आणि एक निवडणूक जावी लागली.

लाझर्सफेल्डचा जन्म १९०१ चा, व्हिएन्नातला. घर ज्यू, विचार समाजवादी, शिक्षण गणिताचं. डॉक्टरेटसुद्धा गणितातच. पण या माणसाला आकड्यांपेक्षा आकड्यांमागची माणसं जास्त खुणावत होती. व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं एक गाव होतं. गावाची पोटापाण्याची सोय एकाच कापड गिरणीवर. मंदीत गिरणी बंद पडली आणि अख्खं गाव बेकार झालं. लाझर्सफेल्ड, मारी याहोडा आणि हान्स त्साइझेल यांनी सहकाऱ्यांना घेऊन या गावाचा अभ्यास केला. १९३३ साली त्याचं पुस्तक आलं.

बेकार माणूस चिडेल, रस्त्यावर उतरेल, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटत होतं. गावात दिसलं उलटंच. माणसं थंड पडली होती. वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं. राजकीय पेपर घेणं कमी झालं. या मंडळींनी घड्याळ लावून रस्त्यावरच्या माणसांचा चालायचा वेग मोजला, तर तोही मंदावलेला. ज्यांच्या बाजूने राजकारण बोलतं असं राजकारण म्हणतं, त्यांनीच राजकारणाकडे पाठ फिरवली होती. मराठवाडा-विदर्भात ज्यांनी बंद पडलेल्या साखर कारखान्याचं गाव बघितलं असेल, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनची फेलोशिप मिळून लाझर्सफेल्ड अमेरिकेत गेला. इकडे जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियातही लोकशाही मोडीत निघाली. ज्यू आणि समाजवादी माणसाला परतायला जागा उरली नाही. तो अमेरिकेतच राहिला आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात स्थिरावला.

तो काळ रेडिओचा होता. एक माणूस माइकसमोर बोलतो आणि कोट्यवधी लोक एकाच वेळी ऐकतात, हे जगाला नवीन होतं. हिटलर-गोबेल्सचा प्रचार सगळे बघत होते. अमेरिकेत अध्यक्ष रूझवेल्टही रेडिओवरून थेट लोकांच्या बैठकीच्या खोलीत पोचत होते. त्यामुळे अनेकांची समजूत अशी, की प्रचार म्हणजे इंजेक्शन. टोचलं की माणूस बदलला. लाझर्सफेल्ड म्हणाला, मोजून बघू.

१९४० ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक. एका बाजूला तिसऱ्यांदा उभे राहिलेले रूझवेल्ट, दुसऱ्या बाजूला वेंडेल विल्की, कधीही कुठल्या पदावर निवडून न आलेला उद्योगातला माणूस. अभ्यासासाठी ओहायो राज्यातली ईरी काउंटी निवडली. लोकसंख्या साधारण ४३ हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम नगरपालिकेएवढी. थोडं शहर, थोडी शेती, आणि आधीच्या चाळीस वर्षांत देशाचा कल तोच या काउंटीचा कल.

पद्धत मात्र नवी होती. एकदाच जाऊन "मत कुणाला?" असं विचारून परत यायचं नाही. आधी सुमारे ३ हजार लोकांच्या घरी जाऊन माहिती घेतली. त्यातून ६०० जणांचा एक गट ठरवला आणि मे ते नोव्हेंबर, दर महिन्याला त्याच माणसांच्या दारात. काय वाचलं? काय ऐकलं? कुणाशी बोलणं झालं? मत बदललं का? बदललं तर कशाने? पुन्हा पुन्हा विचारल्यामुळेच लोक बदलत नाहीत ना, हे तपासायला आणखी तीन गट बाजूला ठेवले होते. सोबत बर्नार्ड बेरेलसन आणि हेझल गोडे. पुस्तक आलं १९४४ ला, 'द पीपल्स चॉइस'.

आता निष्कर्ष ऐका. माझ्यासारख्या पेपरवाल्याला ते जरा झोंबणारे आहेत.

जवळपास अर्ध्या लोकांनी मे महिन्यातच, म्हणजे प्रचाराचा धुरळा उडायच्या आधीच, ठरवून टाकलं होतं आणि ते शेवटपर्यंत हलले नाहीत. प्रचाराने या बाजूचा माणूस पूर्णपणे त्या बाजूला गेला, असे निघाले शंभरात आठ. निम्म्याहून जास्त लोकांवर प्रचाराचा परिणाम एवढाच, की जे आधीच वाटत होतं ते आणखी पक्कं झालं. विल्कीवाले विल्कीचीच भाषणं ऐकत होते, रूझवेल्टवाले रूझवेल्टची. सगळ्यात जास्त वाचणारा आणि ऐकणारा माणूस आधीच ठरवून बसलेला होता. ज्याचं ठरलेलं नव्हतं, तो वाचतच नव्हता.

मग ठरत कशावरून होतं? बरंचसं माणूस कुठल्या घरात जन्मला, पैसा किती, चर्च कुठलं, शहरात राहतो की शेतावर, यावरून. कॅथलिक असेल तर बहुधा डेमोक्रॅट, खात्यापित्या घरचा प्रॉटेस्टंट असेल तर बहुधा रिपब्लिकन. आणि श्रीमंत कॅथलिक असेल तर? पैसा इकडे ओढणार, चर्च तिकडे. अशी दोन्हीकडून ओढ असलेली माणसं निर्णय शेवटपर्यंत लांबवत, नाहीतर निवडणुकीतला रसच सोडून देत. भावकी एकीकडे आणि सोसायटीचं कर्ज दुसरीकडे अशा पेचातला माणूस मतदानाच्या दिवशी पाव्हण्यांकडे का निघून जातो, याचं उत्तर इथे आहे.

आणि आता पाच मार्कांची टीप. कुठल्याही दिवशी बघा, पेपर-रेडिओपेक्षा निवडणुकीबद्दल आपसात बोलणारे लोकच जास्त निघत होते. शेवटी शेवटी मत बदलणारे तर माणसांचंच नाव सांगत होते. हॉटेलात वाढणारी एक बाई होती. तिचं मत विल्कीच्या विरोधात गेलं. पेपरात तिने थोडंफार वाचलं होतं, पण खरं कारण टेबलावर बसलेल्या गिऱ्हाइकांचं बोलणं. ती गिऱ्हाइकं तिला काही सांगत नव्हती. आपसात बोलत होती. तिच्या कानावर पडलं, एवढंच.

प्रत्येक पाच जणांत साधारण एक असा निघाला, ज्याला इतर लोक विचारत, किंवा जो स्वतःहून इतरांना पटवत असे. अशा माणसाला त्यांनी 'मतनेता' म्हटलं. हा पुढारी नव्हता. दुकानदार, कामगार, शेतकरी, प्रत्येक थरात तो होता. तो इतरांपेक्षा जास्त वाचायचा आणि ऐकायचा. बातमी आधी त्याच्याकडे यायची, त्याच्याकडून बाकीच्यांकडे जायची. हेच ते दोन टप्पे.

पुढे १९४५ मध्ये इलिनॉय राज्यातल्या डिकेटर गावात ८०० बायकांशी बोलून हे परत तपासलं. एलिहू कात्झसोबत लिहिलेलं ते पुस्तक १९५५ ला आलं. त्यात कळलं की किराण्यात जिचा सल्ला चालतो तिचाच राजकारणात चालेल असं नाही. प्रत्येक विषयाचा 'विचारायचा माणूस' वेगळा.

या गोष्टीचा एक धागा आपल्याकडेही येतो. लाझर्सफेल्डच्या वर्तुळातला एक व्हिएन्नाचाच समाजशास्त्रज्ञ, पॉल नॉयरात. नाझींच्या छळछावणीतून सुटून अमेरिकेत आला, कोलंबियात शिकला आणि पन्नाशीच्या दशकात मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत आला. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत एक प्रयोग केला. सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं केली. आठवड्यातून दोनदा शेतीचा कार्यक्रम ऐकायचा, आणि रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं. या प्रयोगाचं मोजमाप नॉयरातने केलं.

निकाल असा, की जिथे मंडळ होतं तिथल्या लोकांची माहिती भरपूर वाढली. जिथे नुसता रेडिओ होता तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे डबा बोलून भागत नव्हतं. ऐकल्यावर शेजारच्याने "हे आपल्या रानात चालेल काय रे?" असं विचारावं लागत होतं. पुढे हाच प्रयोग देशभर नेला.

आता कुणी म्हणेल, मग पेपर बंदच करा की. नाही. लाझर्सफेल्डवर पुढे टीकाही झाली. मत लगेच बदललं का एवढंच मोजलं, तर हळूहळू मुरणारा परिणाम सुटून जातो, असं टीकाकार म्हणाले. १९६८ मध्ये मॅकोम्ब्स आणि शॉ या दोघांनी चॅपल हिल गावात मत न ठरलेल्या शंभर मतदारांना विचारलं, की महत्त्वाचे प्रश्न कोणते? त्यांची यादी बातम्यांतल्या यादीशी चांगलीच जुळली. म्हणजे काय मत बनवायचं हे पेपर ठरवत नसेल, पण कशावर बोलायचं हे बऱ्याच अंशी ठरवतो. पारावर पाण्याचा विषय निघेल की पुतळ्याचा, एवढी जबाबदारी आमच्या अंगावर राहतेच.

आज हातात फोन आहे. वाटतं, आता मधला माणूस गेला. गेला नाही, वाढला. फॅमिली ग्रुपवर आलेला मेसेज आपण कुणी लिहिला म्हणून मानत नाही. काकांनी पाठवला, गुरुजींनी पाठवला म्हणून मानतो. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज २०१८ मध्ये फोनोफोनी फिरत होते. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेपायी भिक्षुकी करणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल अशी मर्यादा आणली. यंत्राला मर्यादा घालता येते. माणसाने माणसावर ठेवलेल्या विश्वासाला ती कुठून घालणार?

आता माझी गोष्ट.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे नगरपालिकेची निवडणूक होती. एका वॉर्डातल्या पाणी योजनेवर मी लागोपाठ बातम्या लिहिल्या. कागदावर टाकलेली पाइपलाइन, जागेवर नसलेली पाइपलाइन, फोटोसकट. वाटलं, आता हे नगरसेवक काही परत येत नाहीत. त्यांच्या विरोधात एक ताई उभ्या होत्या. शिवणकाम करणाऱ्या, पदरचे पैसे घालून लढणाऱ्या.

मतदानाला चार-पाच दिवस होते. टपरीवर एकाने विचारलं, "ताई मॅनेज झाल्या म्हणतात. खरं काय?" मला काहीच माहीत नव्हतं. "माहीत नाही" म्हणायला पाहिजे होतं. पण पत्रकाराला माहीत नाही म्हणणं कमीपणाचं वाटतं. मी नुसता हसलो आणि चहा प्यायलो.

दोन दिवसांत वॉर्डभर झालं, "पत्रकारसुद्धा म्हणतोय, बाई मॅनेज झाली."

ताई थोडक्या मतांनी पडल्या. तेच नगरसेवक परत आले. माझ्या बातम्यांनी किती मतं फिरली माहीत नाही. माझ्या हसण्याने किती फिरली हेही माहीत नाही, आणि ते कधी कळणारही नाही. पण माझ्या बातम्यांबद्दल त्या वॉर्डात मला कुणी काही विचारलं नाही. त्या हसण्याबद्दल मात्र अकरा जणांनी विचारलं.

महिन्याभराने ताई बाजारात भेटल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुम्ही ते पेपरात छापलं असतं तर मला खुलासा तरी देता आला असता."

त्या दिवशी ती पाच मार्कांची टीप मला कळली. बातमीला तारीख असते, नाव असतं, खुलासा छापायची जागा असते. टपरीवरच्या हसण्याला यातलं काहीच नसतं, आणि तरी लोकांनी बातमीपेक्षा ते जास्त मानलं. मी स्वतःला लिहिणारा समजत होतो. लोकांच्या लेखी मी त्यांच्या ओळखीचा, विचारायचा माणूस होतो.

लाझर्सफेल्ड १९७६ ला न्यूयॉर्कमध्ये गेला. त्याचा हिशेब आपल्याला लावला तर ही पोस्ट वाचणाऱ्या दर पाच जणांतला एक तरी आपापल्या गल्लीचा, ऑफिसचा, बचत गटाचा, भावकीचा असा विचारायचा माणूस असणार. बहुतेकांना ते माहीतही नसेल. पद नाही, मानधन नाही, आणि चूक झाली तर खुलासाही नाही.

म्हणून यावेळी कुणी "हवा कुणाची?" विचारलं, तर मी सांगणार आहे, "माहीत नाही. तुमच्या वॉर्डात पाणी किती दिवसांनी येतं ते सांगा, त्यावर बोलू." आणि कुणाबद्दल काही ऐकलं का विचारलं, तर हसणार नाही. माहीत असेल तर पुराव्यासकट लिहीन. नसेल तर नाही म्हणेन.

ताई, तुम्ही फेसबुकवर आहात की नाही, कल्पना नाही. पण तुमच्या ओळखीचं कुणीतरी हे वाचून तुम्हाला सांगेलच. दोन टप्प्यांत का होईना, पोचेल.

चुकलो होतो.