मुक्कामाची जागा

घर बांधणारा मनुष्य जागा बहुधा आयुष्यांत एकदांच निवडतो. प्रवाशाला ती रोज निवडावी लागते, आणि तीही दिवस मावळण्याच्या आंत. आजची रात्र कोठें काढावयाची, हा प्रश्न दिसावयास लहान. परंतु अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागाचा, म्हणजे ओहायोपासून नेब्रास्का-कॅन्सासपर्यंत पसरलेल्या बारा राज्यांचा, बराचसा इतिहास या एका प्रश्नाच्या आधारें वाचतां येतो.

१८४० नंतरच्या दोन दशकांत मिसूरी राज्यांतील इंडिपेंडन्स गांवाहून बैलगाड्यांचे तांडे पश्चिमेकडे निघत. बायकामुलें, पीठमीठ, अवजारें, सारा संसार त्या गाड्यांत असे. तळ ठोकतांना तांड्याचा नायक तीन गोष्टी पाही: माणसांना पाणी, जनावरांना गवत आणि चुलीला जळण. नेब्रास्काच्या उघड्या माळावर झाडें विरळ. तेथें रानगव्यांच्या वाळलेल्या शेणावर स्वयंपाक होई. प्लॅट नदीचा कांठ या तिन्ही दृष्टींनीं सोयीचा, म्हणून जो तो तेथेंच उतरे. १८४९ सालीं कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या ओढीनें माणसांचा लोंढा लोटला आणि मागल्या तांड्यानें घाण केलेल्या पाण्यावर पुढचा तांडा तहान भागवूं लागला. पटकीनें त्या वाटेवर हजारों माणसें नेलीं. रोगाचें बीज पाण्यांतून पसरतें हें ज्ञान तेव्हां सर्वत्र झालें नव्हतें. सर्वांना उत्तम वाटणारी जागा सर्वजण एकदमच निवडूं लागले, कीं तीच अधम ठरते. मुक्कामाच्या इतिहासांतील हा पहिला आणि बहुधा सर्वांत मोठा धडा होय.

पुढें बैलगाडी गेली आणि आगगाडी आली. आगगाडीच्या प्रवाशाला जागा निवडण्याचें स्वातंत्र्य नव्हतें. तें मोटारीनें परत दिलें. डेट्रॉइट शहरीं हेन्री फोर्डनें १९०८ सालीं आपली ‘मॉडेल टी’ मोटार बाजारांत आणली, तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती २६० डॉलरपर्यंत उतरली. मग कारकून, शिक्षक, शेतकरी अशीं साधीं कुटुंबेंही उन्हाळ्यांत बाहेर पडूं लागलीं. मोटारीच्या कडेला किंतान बांधलें कीं तंबू झाला! हीं मंडळी दिसेल त्या शेतांत, शाळेच्या आवारांत वा ओढ्याकांठीं उतरत. सकाळीं उठून जातांना मागें रिकामे डबे आणि विझविलेल्या चुली राहत. शेतकऱ्याच्या कपाळाला आठ्या पडत.

यावर गांवोगांवच्या नगरपालिकांनीं तोडगा काढला. गांवाच्या कडेला एक मैदान राखावें, तेथें नळ, दिवा आणि शौचकूप यांची सोय करावी आणि प्रवाशांना तें विनामूल्य द्यावें. यांत आतिथ्य होतें तसा हिशेबही होता. कारण उतरलेला पाहुणा पेट्रोल, पाव आणि मांस गांवांतच विकत घेणार. परंतु फुकट जागेवर गर्दी लोटली. त्यांत सुट्टी घालविणारे होते, तसेच कामाच्या शोधांत भटकणारे बेकारही होते. तें मैदान हेंच त्यांचें घर बनूं लागलें. १९२५ च्या सुमारास अनेक गांवांनीं शुल्क, नांवनोंदणी आणि राहण्याच्या दिवसांची मर्यादा असे नियम लावले. खर्च भागविणें हें एक कारण खरें. परंतु गरिबाला वेशीबाहेर ठेवावें, हा हेतुही त्यांत होता. फुकट ठेवावें तर भूमि नासते, आणि मोल लावावें तर गरजवंत बाहेर राहतो, असा हा पेंच पडला.

या पेंचावर दोन माणसांचे विचार चिरस्थायी ठरले. पहिला रिचर्ड लीबर. हा मूळचा जर्मनीचा, परंतु इंडियानांत स्थायिक झालेला गृहस्थ. १९१६ सालीं त्या राज्याच्या शताब्दीच्या निमित्तानें त्यानें मॅकॉर्मिक्स क्रीक आणि टर्की रन हीं दोन राज्योद्यानें उभीं करविलीं. राखीव रान सर्वांचें असावें, परंतु येणाऱ्यानें अल्प प्रवेशशुल्क द्यावें, असें त्याचें मत होतें. दुसरा एमिलिओ माइनेके. हा कॅलिफोर्नियांत वृक्षांच्या रोगांचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ. तळावरचे मोठमोठे वृक्ष कां झुरतात हें पाहतां त्याला आढळून आलें, कीं पावलांनीं आणि चाकांनीं माती दडपून मुळांचा श्वास कोंडतो. १९३२ सालीं त्यानें योजना मांडली: रस्ता एकाच दिशेनें वळून परत येणारा असावा, प्रत्येक कुटुंबाला मोटार उभी करण्यास ठराविक जागा असावी, मेज आणि चूल पक्की बसवावी, आणि मध्यें दगड वा ओंडके घालून चाकांना अटकाव करावा. १९३३ पासून १९४२ पर्यंत सरकारी वनसेवा-दलांतील बेकार तरुणांनीं देशभर उद्यानांचीं जीं कामें केलीं, त्यांत ही रचना सर्वत्र रुजली. आज मिशिगनच्या वा विस्कॉन्सिनच्या उद्यानांत आढळणारे वर्तुळाकार तळ हे त्याच योजनेचे वंशज होत.

तथापि जागा निवडण्याचा अधिकार सर्वांना सारखा नव्हता. काळ्या वर्णाच्या कुटुंबाला कोणत्या गांवीं थारा मिळेल आणि कोठून हांकलून देतील, याची शाश्वती नसे. म्हणून न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या टपाल-कर्मचाऱ्यानें १९३६ पासून अशा प्रवाशांसाठीं सुरक्षित ठिकाणांची मार्गदर्शिका छापण्यास आरंभ केला. मिशिगनमध्यें १९१२ सालीं वसलेलें आयडलवाइल्ड हें सरोवराकांठचें गांव त्यांचें विश्रांतिस्थान बनलें. १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्यानें हा भेद बेकायदा ठरविला. तोंवर त्या कुटुंबांना पाणी आणि सांवली यांच्याही आधीं माणसांची वृत्ति पारखावी लागे.

मध्यंतरीं तंबूचें रूपही पालटत होतें. डेट्रॉइटचा जंतुशास्त्रज्ञ आर्थर शर्मन १९२९ सालीं झटपट उभारतां येणारा तंबू मोटारीमागें जोडून सहकुटुंब निघाला. परंतु पावसानें गांठलें आणि तंबू उभा राहीपर्यंत सारीं भिजून चिंब झालीं. मग त्यानें चार भिंतींची, छपराची एक पेटीच चाकांवर बांधविली. जुन्या तांड्यांची आठवण म्हणून तिचें नांव पडलें ‘आच्छादित गाडी’. कांहीं वर्षांतच त्याचा कारखाना या धंद्यांत अग्रेसर झाला. पुढें १९६६ सालीं आयोवांतील फॉरेस्ट सिटी येथें विनेबेगो कंपनी स्वयंचलित घरगाड्या बनवूं लागली, आणि इंडियानांतील एल्कहार्टचा परिसर या उद्योगाचें माहेरघर झाला. घरगाडीबरोबर निवडीच्या कसोट्याही बदलल्या: जमीन सपाट आहे काय, वीज किती मिळते, सांडपाणी कोठें सोडावयाचें, लांब गाडी वळेल काय?

परंतु सोयी वाढल्या म्हणून निसर्गाचा नियम बदलत नाहीं. ९ जून १९७२ च्या रात्रीं दक्षिण डाकोटांतील ब्लॅक हिल्स डोंगरांत कांहीं तासांतच सुमारें १५ इंच पाऊस कोसळला. ओढे फुगले, रॅपिड सिटी शहरांतून लोंढा गेला आणि २३८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. डोंगरांतील ओढ्याकांठच्या तळांवर निजलेले प्रवासीही त्या पुरांत सांपडले. दिवसा जी जागा रमणीय म्हणून निवडली, तीच रात्रीं घातक ठरली. त्या शहरानें पुढें पूररेषेंतील मोठा भाग पुन्हा वस्तीस न देतां उद्यानांसाठीं राखला. तेथें दिवसा खेळावें, रात्रीं निजूं नये.

आज शिकागो वा डेट्रॉइटच्या परिसरांतील कुटुंबें, आणि त्यांत तेथें स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबेंही, सुट्टीची जागा महिनेमहिने आधीं राखून ठेवतात. तरी पाहावयाचें तें जुनेंच आहे. पाणी जवळ असावें, पण जागा त्याच्या पातळीहून उंच असावी. सांवली असावी, पण डोक्यावर वाळलेली फांदी नसावी. वादळाची सूचना मिळतांच धांवत जातां येईल असा पक्का आसरा कोठें आहे, हें दिवसाउजेडींच पाहून ठेवावें. जळण तेथलेंच घ्यावें. कारण २००२ सालीं आग्नेय मिशिगनमध्यें आढळलेला, अ‍ॅश वृक्षांचा नाश करणारा हिरवा भुंगा प्रवाशांनीं नेलेल्या लाकडांतूनही दूरदूर पसरला आणि त्यानें कोट्यवधि झाडें मारलीं.

प्लॅट नदीच्या कांठीं एका तांड्याची घाण पुढच्या तांड्याचा मृत्यु ठरली होती. येथें एका तळावरचा ओंडका दुसऱ्या रानाचा काळ ठरला. मुक्कामाची जागा निवडणारा आपल्या एका रात्रीचा विचार करतो, हें स्वाभाविकच आहे. परंतु त्या जागेवर उद्यां सायंकाळीं दुसरें एक कुटुंब उतरणार आहे, हें ज्याच्या ध्यानीं राहिलें, त्यालाच ती खऱ्या अर्थानें निवडतां आली.