पहिला सेक्टर २०४८

लिनक्समध्ये एफडिस्क उघडून नवं पार्टिशन करायला घेतलं की तो पहिला सेक्टर विचारतो आणि उत्तरही स्वतःच सुचवतो: २०४८. म्हणजे ५१२ बाइटच्या हिशेबाने डिस्कच्या तोंडाशी एक एमबी मोकळा. कित्येकांना ही जागा वाया गेल्यासारखी वाटते. मला मात्र इन्स्टॉलरमधला हा सर्वांत शहाणा आकडा वाटतो.

त्याच्याआधी गादीवर ६३ होता. जुना बायोस डिस्कवरचा पत्ता सिलिंडर, हेड आणि सेक्टर अशा तीन आकड्यांत सांगे. सेक्टरच्या वाट्याला सहाच बिट आणि मोजणी एकपासून. त्यामुळे एका ट्रॅकवर फार तर ६३ सेक्टर. पहिल्याच सेक्टरात पार्टिशन टेबल असे, म्हणून तो अख्खा ट्रॅक सोडून पुढच्यापासून पार्टिशन सुरू करायची रीत पडली. विंडोज एक्सपीपर्यंत ती चालली.

मग ४०९६ बाइटच्या सेक्टरांच्या डिस्क आल्या. एका मोठ्या सेक्टरात जुने आठ बसतात. ६४ला आठाने भाग जातो, ६३ला जात नाही. एवढ्या एका सेक्टरच्या फरकाने फाइलचा प्रत्येक चार केबीचा तुकडा दोन सेक्टरांवर तंगड्या टाकून बसायचा. तो लिहायचा तर डिस्कने आधी दोन्ही सेक्टर वाचायचे, त्यांतला भाग बदलायचा आणि तबकडी फिरून पुन्हा खाली आली की परत लिहायचे. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या तबकडीला एका फेरीलाच ११ मिलिसेकंद लागतात.

वेस्टर्न डिजिटलने त्या काळच्या काही डिस्कवर यावर तोड ठेवली होती: मागच्या ७ आणि ८ क्रमांकाच्या पिनांवर जंपर बसवायचा. मग डिस्क प्रत्येक पत्त्यात गुपचूप एक मिळवी. एक्सपीने ६३ म्हटलं की ती ६४वर लिही. नखाएवढ्या प्लास्टिकने केलेली ही दुरुस्ती मला फार आवडते.

कायमचा इलाज २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टाने केला. तिने मोठ्या डिस्कवर सुरुवातच एक एमबीवर नेली. चार केबी असो, रेडची ६४ केबीची पट्टी असो की एसएसडीचा ५१२ केबीचा ब्लॉक, एक एमबीला सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. पुढे लिनक्सच्या साधनांनीही हाच आकडा धरला.

जुन्या बायोसच्या मशीनवर ग्रब आपला गाभा याच मोकळ्या जागेत ठेवतो. तेव्हा ती रिकामी समजून तिथे काही लिहू नका. एफडिस्कने २०४८ सुचवलं की सरळ एंटर दाबा.