पाहुण्या वस्तूंची वाट: ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’मधून इतिहास कसा वाचायचा

संशोधनाचा विषय निवडताना तुमच्यापैकी अनेकांच्या मनात एक धास्ती असते: विषय फार हलका तर नाही ना? मी व्हिडिओ गेममधल्या वस्तूंच्या इतिहासावर पीएचडी करते, त्यामुळे हा प्रश्न मला जरा जास्तच ऐकायला मिळतो. आज त्यावर वाद घालत नाही. त्याऐवजी एक उदाहरण तुमच्यासमोर सोडवून दाखवते. उदाहरण आहे गेममधली एक खुर्ची, हॅलो किटीची. ती बनवायला लाकूड लागलेलं नाही, तिच्यावर कुणी बसलेलं नाही. मग तिला इतिहास कुठला?

आधी गेमची ओळख करून घेऊ. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ हा निन्टेंडो या जपानी कंपनीचा खेळ. पहिला भाग ‘डोबुत्सु नो मोरी’, म्हणजे ‘प्राण्यांचं रान’, १४ एप्रिल २००१ रोजी जपानमध्ये निन्टेंडो ६४ या यंत्रासाठी आला. यात हार-जीत नाही. तुम्ही बोलक्या प्राण्यांच्या गावात राहायला जाता, मासे पकडता, फळं विकता, टॉम नुक नावाच्या दुकानदाराचं घराचं कर्ज फेडता आणि घर सजवता. गेममधलं घड्याळ खऱ्या घड्याळाबरोबर चालतं. खेळाचे एक निर्माते कात्सुया एगुची यांनी सांगितलंय की, चिबाहून क्योटोला नोकरीसाठी आल्यावर घरच्यांची आणि मित्रांची जी उणीव भासली, त्यातून ही कल्पना सुचली. म्हणजे खेळाच्या मुळाशीच घर आहे. म्हणूनच त्या घरात बाहेरची वस्तू कधी आणि कशी येते, हे बघण्यासारखं आहे.

बाहेरची वस्तू म्हणजे दुसऱ्या एखाद्या खेळातून किंवा ब्रँडमधून आलेली. इंग्रजीत त्यांना ‘क्रॉसओव्हर’ म्हणतात, मी इथे त्यांना ‘पाहुण्या वस्तू’ म्हणणार आहे. मारिओचा नळ, झेल्डाच्या खेळातली तलवार, हॅलो किटीची खुर्ची या सगळ्या पाहुण्या. आता माझा मुद्दा सांगते: या वस्तूंचा इतिहास वस्तूत कमी सापडतो आणि ती मिळवायच्या वाटेत जास्त. नाण्यांचा अभ्यास करणारे हे चांगलं जाणतात. नाणं कुठे, कशासोबत सापडलं हे माहीत नसेल तर त्याची अर्धी साक्ष जाते. तर चला, चार वाटा बघू.

पहिली वाट: अक्षरांचा कोड

गेमक्यूब यंत्रावरचा ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ २००२ साली उत्तर अमेरिकेत आला. त्यात काही पाहुण्या वस्तू फारच खास होत्या. घरात ठेवायची छोटी एनईएस यंत्रं, आणि ती चालू केली की आत जुना खेळ खरोखर खेळता यायचा. खेळात खेळ. त्यातले काही मिळवायला टॉम नुकला २८ चिन्हांचा कोड सांगावा लागे. काही खेळांसाठी छापील ई-कार्ड लागायचं: गेम बॉय अ‍ॅडव्हान्सला ई-रीडर हे जोडयंत्र लावायचं, त्यातून कार्डाच्या कडेचे ठिपके वाचायचे, मग केबलने गेमक्यूबला जोडायचं. ‘आइस क्लायंबर’ आणि ‘मारिओ ब्रदर्स’ अमेरिकेत याच वाटेने मिळत.

आता इथे थांबून दोन गोष्टी टिपून ठेवा. एक: ई-रीडर युरोपात कधी विक्रीला आलाच नाही, पण हा खेळ मात्र २००४ मध्ये तिथे पोहोचला. खेळ गेला, वाट गेली नाही. दोन: ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आणि ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ अमेरिकन डिस्कवर होते, पण तिथल्या खेळाडूंना ते मिळवायचा अधिकृत मार्ग दिला गेला नाही. चीट करणारं बाहेरचं साधन वापरणाऱ्यांनाच ते दिसले.

म्हणजे ‘२००२ च्या अमेरिकन अ‍ॅनिमल क्रॉसिंगमध्ये सुपर मारिओ ब्रदर्स होता का?’ या साध्या प्रश्नाला दोन उत्तरं आहेत. डिस्क विचाराल तर हो. खेळाडू विचाराल तर नाही. फॅन विकीवरच्या याद्या वापरताना हा फरक पक्का लक्षात ठेवा. त्यातल्या बऱ्याच याद्या खेळाचा कोड उकलून केलेल्या असतात, त्यामुळे ‘आत आहे’ आणि ‘मिळालं’ यांची सरमिसळ सहज होते. गोदामात पडून राहिलेली छापील प्रत आणि वाचली गेलेली प्रत यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

कोड हे साधन म्हणून किती दमदार आहे, तेही बघा. २०१८ मध्ये एका सुरक्षा संशोधकाने दाखवून दिलं की, याच खेळातली एनईएसची एक वस्तू मेमरी कार्डवरून बाहेरचे खेळही चालवू शकते. खेळ बाजारात येऊन सोळा वर्षं झाली होती आणि ही सोय तोवर कुणाच्या ध्यानात आली नव्हती.

दुसरी वाट: पायी

‘न्यू लीफ’ हा भाग नोव्हेंबर २०१२ मध्ये जपानमध्ये आणि जून २०१३ मध्ये अमेरिका-युरोपात थ्रीडीएस या हातातल्या यंत्रावर आला. यात पाहुण्या वस्तू फॉर्च्युन कुकीतून निघत. कुकीची किंमत खेळातल्या चलनात नव्हती, ती होती दोन ‘प्ले कॉइन’. आणि प्ले कॉइन मिळायचे चालून! यंत्र खिशात ठेवून १०० पावलं चाललात की एक कॉइन, दिवसाला जास्तीत जास्त दहा.

हिशोब करून बघा. दहा कॉइन म्हणजे १,००० पावलं, म्हणजे पाच कुक्या. कुकीतून काय निघेल ते नशीब, तीच वस्तू पुन्हाही निघू शकते. त्यामुळे कुणाच्या घरात तलवार, मशरूम आणि मारिओची टोपी एका रांगेत दिसली, तर त्यामागे काही दिवसांचं चालणं आहे. अशी खोली म्हणजे एका अर्थाने पावलांची नोंदवही. याच यंत्रात स्ट्रीटपासची सोय होती: रस्त्यात, गाडीत शेजारून गेलेल्या दुसऱ्या खेळाडूचं घर तुमच्या खेळात नमुना घर म्हणून उभं राहायचं आणि त्यातल्या बऱ्याच वस्तू तुम्हाला मागवता यायच्या. म्हणजे सजावट एका घरातून दुसऱ्या घरात जायची, आणि त्यासाठी दोन माणसं खरोखर जवळून जावी लागायची.

तिसरी वाट: दुकानातलं पाकीट

आता आपली खुर्ची. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘न्यू लीफ’ला ‘वेलकम अमीबो’ हे अपडेट आलं. अमीबो म्हणजे आत एनएफसी चिप असलेली बाहुली किंवा कार्ड, यंत्राला टेकवलं की खेळात काहीतरी उघडतं. त्याच सुमारास जपान आणि युरोपात सॅनरिओ कंपनीच्या पात्रांची सहा कार्डं विक्रीला आली. कार्डावर सहा नवे प्राणी: रिला हॅलो किटीची, चाय सिनामोरोलची, टोबी केरोकेरोकेरोप्पीचा, असे. कार्ड टेकवलं की तो प्राणी आणि त्याच्या घरातल्या वस्तू तुमच्या आवाक्यात.

उत्तर अमेरिकेत ही कार्डं तेव्हा आली नाहीत. २० मार्च २०२० रोजी ‘न्यू होरायझन्स’ हा स्विचवरचा भाग आला, टाळेबंदीत घरी बसलेल्या लोकांनी तो उचलून धरला आणि जुन्या पाकिटांचे भाव वाढले. १८ मार्च २०२१ च्या अपडेटने सॅनरिओच्या वस्तू नव्या खेळात आल्या, आणि २६ मार्चला कार्डं अमेरिकेत विक्रीला आली, फक्त टार्गेट या एका दुकानसाखळीत, सहा कार्डांचं पाकीट सुमारे सहा डॉलरला. ती हातोहात संपली. ज्यांना मिळाली नाहीत त्यांच्यापैकी काहींनी चढ्या भावाने घेतली, काहींनी कोऱ्या एनएफसी टॅगवर केलेल्या नकला वापरल्या.

मिळवण्याची पद्धत मुद्दाम सांगते, कारण त्यात काळ दडलेला आहे. रेसिडेंट सर्व्हिसेसमधल्या नुक स्टॉपवर कार्ड टेकवायचं, मग त्या पात्राच्या वस्तू खरेदीच्या यादीत दिसतात. दिवसाला पाचच वस्तू मागवता येतात आणि त्या दुसऱ्या दिवशी टपालाने येतात. प्राण्याला गावात राहायला आणायचं असेल तर त्याला तीन दिवस पुन्हा पुन्हा कँपसाइटवर बोलवायचं आणि त्याने मागितलेली वस्तू रोज बनवून द्यायची. पैसे देऊन पाकीट घेतलं तरी वाट बघणं सुटत नाही.

चौथी वाट: अपडेट

२५ फेब्रुवारी २०२१ चं अपडेट मारिओच्या वस्तू घेऊन आलं. निमित्त होतं १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पस्तिशी. १ मार्चपासून त्या नुक शॉपिंगमधून मागवता येऊ लागल्या. ना कार्ड, ना कोड, ना चालणं. यात मारिओचा नळ होता. दोन नळ मांडले की एकात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येतं. जानेवारी २०२६ मध्ये आलेल्या ३.० या अपडेटमध्ये दोन्ही वाटा एकत्र दिसतात: झेल्डा आणि स्प्लॅटूनच्या वस्तूंसाठी अमीबो, लेगोच्या वस्तूंसाठी थेट खरेदी.

चारही वाटा ओळीने ठेवा. कोड माहीत असणं, पायी चालणं, योग्य देशातल्या योग्य दुकानात वेळेवर पोहोचणं, यंत्र अद्ययावत असणं. दर वेळी खेळाडूकडून वेगळी किंमत मागितली गेली. म्हणून पाहुण्या वस्तूबद्दल विचारायचा सगळ्यात उपयोगी प्रश्न मला हा वाटतो: ही कुणाला मिळाली नाही, आणि का?

सजावट म्हणजे पुरावा

वस्तू मिळाल्यावर लोक तिचं काय करतात, हा वेगळा पुरावा आहे. खेळातली हॅपी होम अकॅडमी घराला गुण देते आणि एकाच संचातल्या वस्तू एकत्र ठेवल्या तर जास्त देते. म्हणजे कंपनीची एक आवड नियमांतच लिहिलेली आहे. पण बेटं बघितली तर लोक संच मोडतात. मारिओचा नळ अनेकांनी मारिओचा देखावा न करता, बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचा शॉर्टकट म्हणून लावला. सॅनरिओच्या गुलाबी वस्तू कुणी बेकरीत लावल्या, कुणी बाळाच्या खोलीत. पात्राचं नाव मागे पडलं, रंग उरला. कंपनीने काय दिलं हे यादी सांगते, लोकांनी त्याचं काय केलं हे खोली सांगते. तुम्हाला दोन्ही लागतील.

पाहुण्या वस्तू फक्त कंपनीच आणते असंही नाही. एप्रिल २०२० मध्ये लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयाने आपल्या संग्रहातली चित्रं खेळात नेता येतील असं मोफत साधन दिलं, आणि लोकांच्या भिंतींवर जुनी चित्रं लागली. परवाना, पाकीट, दुकान, काही मध्ये आलं नाही.

घाई का आहे

आता जोखमीची गोष्ट. थ्रीडीएसचं दुकान मार्च २०२३ मध्ये बंद झालं, ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये. ‘न्यू लीफ’मध्ये स्वप्नातून दुसऱ्यांची गावं बघता यायची, ती दारं त्या दिवशी मिटली. कुकी अजून निघते, कारण पावलं मोजायला सर्व्हर लागत नाही. पण लोकांनी वस्तू कशा मांडल्या, हा पुरावा बहुतांश गेला. मोबाइलवरचा ‘पॉकेट कँप’ २०१७ पासून चालू होता, ठरावीक मुदतीत वस्तू वाटत. नोव्हेंबर २०२४ मध्ये तोही थांबला आणि त्याच्या जागी एकदाच विकत घ्यायचं ॲप आलं. जुनी जमा तिथे न्यायला मुदत होती, ती चुकवणाऱ्यांची शिबिरं कायमची गेली. कागदाला वाळवी लागायला वर्षं जातात. इथे एका सूचनेत तारीख दिलेली असते आणि त्या तारखेला संग्रह संपतो.

म्हणून तुम्ही अशा विषयावर काम करणार असाल तर आजपासून चार सवयी लावून घ्या. स्क्रीनशॉट घेताना खेळाची आवृत्ती, प्रदेश आणि तारीख नोंदवा. वस्तूच्या नावासोबत ती कोणत्या वाटेने मिळाली ते लिहा. पाकिटं, माहितीपत्रकं, सेवा बंद होण्याच्या सूचना जपून ठेवा, कारण वाटेचा पुरावा त्यांच्यातच असतो. आणि ज्याला ती वस्तू मिळाली नाही, अशा किमान एका खेळाडूशी बोला.

आता ती खुर्ची परत बघा. २०१६ ला जपान-युरोप, २०२१ ला अमेरिका, मध्ये चार वर्षांहून जास्त अंतर, एक दुकानसाखळी, चढे भाव, नकली टॅग, दिवसाला पाच वस्तूंची मर्यादा. विषय हलका आहे की जड, ते तुम्हीच ठरवा. आणि ठरवायच्या आधी तुमच्या फोनवरच्या कुठल्याही खेळातली एक पाहुणी वस्तू घेऊन तिच्या वाटेवर एक पान लिहून बघा. शोधनिबंधाचा पहिला परिच्छेद बहुतेक त्यातच सापडेल.